मी तिचं तोंड होतो

ही गोष्ट मी आजवर तीन प्रकारे सांगितली आहे. गावात कुणी विचारलं तर, "तिनंच नको म्हटलं." नातेवाइकांत विषय निघाला तर, "स्थळ काही बरं नव्हतं." आणि पोरांनी विचारलं तर, "जुनं झालं, सोडा आता." खरं काय झालं ते या तिन्हींत नव्हतं. खरं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. टाळणं सोपंही होतं. ते जाणणारी माणसं दोनच, एक मी आणि दुसरी माझी धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. गावाच्या हिशेबानं म्हणजे साक्षीदार एकही नव्हता.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या पलीकडे, कच्च्या रस्त्यावर. आम्ही तिघं भावंडं. मी थोरला, माझ्या पाठची एक बहीण, आणि मग पुष्कळ वर्षांनी झालेली धाकटी. धाकटी पाळण्यात होती तेव्हा मायनं एकदा तिच्यामागे पितळी वाजवली. लेकरू वळलं नाही. मायनं पुन्हा वाजवली, मग पितळी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मी दारात उभा होतो. त्या दिवसापासून गावानं तिला मुकी म्हटलं, आणि थोड्या दिवसांनी आम्हीही.

पण ती मुकी नव्हती. तिचे हात सारखे चाललेले असायचे. बोलायला लागायच्या वयात तिनं हातानं बोलणं सुरू केलं आणि ते बोलणं झेलायला घरात मी होतो. दुसऱ्या कुणाला तेवढा दम नव्हता. मिशी पिळली की मी. कपाळावर बोटानं मोठा गोल काढला की माय. तळहातावर तळहात चोळला की हळद. खांद्याला पिशवी अडकवल्यासारखं केलं की बाळापूरचा बाजार. या खुणा आम्ही दोघांनी मिळून काढल्या असं मी सांगत असे. खरं तर बहुतेक तिनंच काढल्या, मी नुसत्या लक्षात ठेवल्या.

"तू तिचं तोंड हाईस बघ," बाबा म्हणायचे, आणि माझी छाती फुगायची. दुकानदार तिला काही विचारायचा ते माझ्याकडे बघून. बांगड्यावाली मला विचारायची, डॉक्टर मला विचारायचे. ती डॉक्टरांपुढे किती तरी वेळ हात हलवून सांगायची, कुठे दुखतं, कसं दुखतं, काय खाल्लं की वाढतं, आणि मी म्हणायचो, "पोट दुखतंय म्हणते." डॉक्टर गोळ्या लिहायचे. तिनं सांगितलं किती आणि मी पोचवलं किती, याचा विचार मी कधी केला नाही. मला वाटायचं, मी तिच्यासाठी केवढं करतो.

आता एका खुणेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

पाठच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा धाकटी लहान होती. तिनं काय पाहिलं? बहिणीच्या गळ्यात हार पडला, घरातल्या बाया रडल्या, बहीण गेली ती घरी राहिली नाही. त्याच वर्षी माय वारली. पुन्हा गळ्यात हार, पुन्हा सगळे रडले, माय गेली. लेकरानं दोन्हीचं एकच धरलं. गळ्याभोवती हात फिरवायचा, डोळे पुसायचे आणि हात लांब ढकलून द्यायचा. हार, रडणं, गेली. लग्नाला तीच खूण आणि मरणाला तीच. आम्ही हसलो होतो. "पोरगी काही खोटं बोलून न्हाई राहिली," आत्या म्हणाली होती. पुढे धाकटी मोठी झाली, कोणतं लग्न आणि कोणतं मरण हे तिला चेहऱ्यावरून, संदर्भावरून कळायला लागलं. पण खूण एकच राहिली. घरात दोघांचीच भाषा, ती दुरुस्त कोण करणार?

तिचं लग्न झालं नाही. बहिऱ्या पोरीला कोण करणार, असं म्हणत म्हणत तिनं चाळिशी ओलांडली. तोवर माझी पोरं पुण्याला नोकरीला लागली होती, बायकोचे गुडघे गेले होते, बाबा म्हातारे झाले होते. घर आणि अर्धं शेत धाकटीच्या हातावर चालत होतं. हळद शिजवायच्या दिवसांत तर बाकीचे नुसते तिच्या मागे मागे फिरायचे.

त्या सुमारास तिचा अपंगत्वाचा जुना दाखला बदलून नवा घ्यायला मी तिला हिंगोलीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. एसटीत कंडक्टरनं तिचं सवलतीचं तिकीट फाडलं, माझं पूर्ण. "हिचं कमी अन् तुमचं पूर्ण," तो म्हणाला. "बोलून तर तुमीच राहिले, मंग बराबरच हाय की!" सगळी एसटी हसली. मीही हसलो. काय झालं म्हणून धाकटीनं माझा दंड हलवला आणि मी हातानं सांगितलं, काही नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गर्दी होती. बाकावर एक निळ्या साडीतली बाई आणि तिचा नवरा बसले होते. दोघंही बहिरे होते आणि दोघं हातानं बोलत होते, इतकं भराभर, की मला त्यातलं काहीच धरता येईना. धाकटी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. जत्रेत हरवलेल्या माणसाला ओळखीचा आवाज यावा, तसा तिचा चेहरा झाला. आवाजाची उपमा तिच्याबाबतीत द्यावी की नाही, मला कळत नाही, पण दुसरी सुचत नाही.

निळ्या साडीवालीनं तिला हातानं काहीतरी विचारलं. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग त्या बाईनं स्वतःकडे बोट दाखवून हनुवटीवर दोन बोटं टेकवली, नवऱ्याकडे दाखवून मनगटावर टिचकी मारली, आणि धाकटीकडे बोट केलं. तेव्हा मला कळलं. ती नाव विचारत होती. त्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं.

धाकटीला नाव नव्हतं. म्हणजे रेशनकार्डावर होतं, पण हातात नव्हतं. आमच्या घरच्या भाषेत मला नाव होतं, बाबांना होतं, म्हशीलासुद्धा होतं. पण तिला आम्ही कधी नावच दिलं नव्हतं, कारण ती भाषा आम्ही फक्त तिच्याशीच बोलायचो. समोरच्या माणसाला नाव कशाला लागतं? ते तिच्यामागे तिच्याविषयी बोलायला लागतं, आणि तिच्यामागे आम्ही तोंडानं बोलायचो.

निळ्या साडीवालीनं तिच्याकडे नीट पाहिलं. धाकटी लाजून हसली आणि तिच्या गालाला खळी पडली. त्या बाईनं गालावर बोट टेकवून फिरवलं. झालं. धाकटीनं स्वतःच्या गालावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत ती सारखी ते करत होती.

हिंगोलीत हे लोक दर रविवारी दुपारी रेल्वे स्टेशनच्या बाहेर जमायचे. धाकटी जायला लागली. पहिल्यांदा मी सोबत गेलो, मग ती एकटी जाऊ लागली. तिथं तिला कळलं, की हातानं बोलायची एक भाषा आहे, साऱ्या देशात चालणारी. गावोगावी थोडा फरक असतो, पण नांदेडचा, नागपूरचा, दिल्लीचा बहिरा माणूस भेटला तरी बोलणं अडत नाही. तिला व्याकरण आहे, तिच्यात चेष्टा आहे, भांडण आहे. धाकटी रविवारी संध्याकाळी घरी यायची आणि नवीन खुणा मला दाखवायची. पाणी असं. बहीण असं. उद्या असं, काल असं. आमच्या घरच्या भाषेत काल आणि उद्या कधी नव्हतेच. एकदा तिनं दोन हात एकमेकांत धरले, हातात हात दिल्यासारखे, आणि मग आमची जुनी खूण केली, हार, रडणं, गेली. ती हसली आणि जुन्या खुणेवर हात फिरवून पुसून टाकल्यासारखं केलं. लग्नासाठी वेगळी खूण होती. तीत कुणी रडत नव्हतं, कुणी जात नव्हतं.

म्हणजे ती खूण मला येत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

एका रविवारी कामानिमित्त मी हिंगोलीत होतो, म्हणून तिला न्यायला स्टेशनवर गेलो. दहा-बारा जण गोल करून उभे होते. मधोमध धाकटी काहीतरी सांगत होती आणि बाकीचे हसून हसून वाकत होते. एक जण डोळे पुसत होता. मी जवळ गेलो आणि हातानं विचारलं, काय झालं? ती सांगायला लागली, अडली, आमच्या जुन्या खुणा शोधायला लागली, आणि मग तिनं हात झटकला. जाऊ दे. तुला नाही कळायचं.

एसटीत कंडक्टरच्या चेष्टेनंतर मीही तिला तसंच 'काही नाही' म्हणालो होतो. पण मी म्हणणं वेगळं आणि तिनं म्हणणं वेगळं, असं मला वाटलं. मला राग आला. कशाचा, ते तेव्हा मी स्वतःला सांगितलं नाही.

त्या गोलात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणारा एक माणूस असायचा. पन्नाशीकडे झुकलेला, बायको वारलेली. नखांत कायम पांढरा रंग. तो तिच्याशी बोलताना इतरांपेक्षा सावकाश हात हलवायचा, तिला समजावं म्हणून. हे मी पाहिलं होतं.

हळद शिजवायचे दिवस होते. बाबा अंथरुणाला खिळले होते आणि त्यांना भेटायला रोज कुणी ना कुणी येत होतं. अशाच एका सकाळी न कळवता दोन माणसं आली, नंबरप्लेटवाल्याचा थोरला भाऊ आणि मामा. दोघांनाही ऐकू येत होतं. आधी त्यांनी बाबांची चौकशी केली, चहा घेतला, आणि मग मामांनी विषय काढला.

"आमच्या भाच्याच्या मनात हाय," ते म्हणाले. "वय झालं म्हणून काय झालं, दोघंबी एकाच बोलीचे. तुमच्या बहिणीला इच्यारा. ती व्हय म्हणली तर आमी दुसरं काही मागत न्हाई."

"ती बिचारी काय सांगणार," मी म्हणालो.

"तसं न्हाई पाव्हणं. भाच्यानं बजावून सांगितलंय. तिलाच इच्यारायचं."

बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "अवो, बलवा ना तिला."

धाकटी कढईजवळून आली. हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळावर घाम. आलेली माणसं तिनं कधी पाहिली नव्हती. बाबांना बघायला आलेत असंच तिला वाटलं असणार, कारण तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आतल्या खोलीकडे, जिथं बाबा खोकत होते.

आता विचारायचं होतं. दोन हात एकमेकांत धरायचे, तिच्याकडे बोट करायचं, भुवया उंचावायच्या. एवढंच. मामा आणि भाऊ माझ्या हातांकडे बघत होते, बायको बघत होती.

मी गळ्याभोवती हात फिरवला. डोळे पुसले. हात लांब ढकलला. आणि भुवया उंचावल्या.

तिचा चेहरा पांढरा पडला. ती आतल्या खोलीकडे वळली, मग माझ्याकडे, आणि जोरजोरानं मान हलवायला लागली. नाही, नाही. डोळ्यांत पाणी आलं. पिवळ्या हातानं तिनं ते पुसलं, गालावर हळद लागली. मग ती धावत बाबांच्या खोलीत गेली आणि त्यांचे पाय धरून बसली.

"आमच्या डोळ्यानं बघितलं," मामा म्हणाले. "जबरदस्ती न्हाई. लेकराला तकलीफ द्यायला आमी आलो न्हाई." भावानं चपला घातल्या. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो, आणि वाटेत म्हणालोसुद्धा, "घर सोडवत न्हाई हो तिला." मला लाज वाटायला पाहिजे होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

मी खोटं बोललो नव्हतो. हीच मेख होती आणि मी तिचाच आधार घेऊन इतकी वर्षं काढली. मी तिला विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं होतं, मी ते पोचवलं होतं. फक्त प्रश्न दुसरा होता. माझ्यावर आरोप करू शकेल इतकी आमची भाषा त्या ओसरीवर कुणालाच येत नव्हती.

जेवताना बायकोनं विचारलं, "तिला नीट इच्यारलं का तुमी?"

"तुझ्यासमोर इच्यारलं."

"माझ्यासमोर इच्यारलं. पण ती बाबाच्या खोलीकडं काहून बघत होती?"

"मला काय ठावं."

ती भिंतीला धरून उठली आणि ताटं धाकटीसाठी तशीच ठेवली. तिचे गुडघे दुखत होते.

का केलं? धाकटी गेली तर घर कसं चालणार, ही भीती होतीच. ती मी पूर्वीही कबूल केली असती. पण ती अर्धीच होती. उरलेलं अर्धं स्टेशनबाहेरच्या त्या गोलात होतं. तिनं माझ्यापुढे हात झटकला होता. लहानपणापासून मी तिचं तोंड होतो आणि आता तिला ते लागत नव्हतं. माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडता पडता त्या उपयोगाचा मालक होऊन बसतो, आणि मालकी जाताना दिसली की काहीही करतो.

बाबा त्याच महिन्यात गेले. मग विधी, मग पाहुणे, मग पेरणी. कधी एसटी बंद आहे म्हणून, कधी काम आहे म्हणून मी धाकटीला हिंगोलीला जाऊ दिलं नाही. ती जाऊ शकली तोवर पावसाळा संपत आला होता. नंबरप्लेटवाला तिथं नव्हता. घरच्यांनी त्याचं दुसरीकडे लावून दिलं होतं, तो नांदेडला गेला होता. बाकीच्यांनी तिला विचारलं, तू 'नाही' का म्हणालीस?

त्या संध्याकाळी ती एसटीतून उतरली ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी अंगणात दोर वळत बसलो होतो. तिनं दोन हात एकमेकांत धरले, स्वतःकडे बोट केलं, रस्त्याकडे बोट केलं, आलेली दोन माणसं दाखवली. मी चेहरा कोरा ठेवला आणि हात उलटा केला, काय म्हणतेस? आयुष्यात पहिल्यांदा मी तिला न कळल्याचं सोंग केलं. तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा हात उलटा केला.

मग तिनं डाव्या बाजूला वळून आमची जुनी खूण केली, हार, रडणं, गेली. उजव्या बाजूला वळून नवीन खूण केली. दोन्ही जणू जमिनीवर शेजारी शेजारी मांडून ठेवल्या. आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. कोणती?

मी उठलो आणि म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

ऐकू येणाऱ्या माणसाकडे पाठ केली तरी तो मागून ओरडू शकतो. तिच्याकडे पाठ केली की संपलं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यानंतर ती माझ्याशी आमच्या भाषेत कधी बोलली नाही. ताट द्यायची, पाणी द्यायची, बोटानं वस्तू दाखवायची. पण मिशी पिळून मला हाक मारणं बंद झालं. पुढच्या वर्षी निळ्या साडीवालीच्या ओळखीनं तिला हिंगोलीला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत काम मिळालं, लहान पोरांना सांभाळायचं. ती गेली. कुणी रडलं नाही.

धाकटी गेल्यावर मला कळलं, की एक भाषा मेली. जगात दोनच माणसं ती बोलत होती आणि एकानं दुसऱ्याशी बोलणं सोडलं. कोणाला ती शिकवलेली नव्हती, कुठे लिहिलेली नव्हती. तिच्यात तिचं सगळं बालपण होतं, मायचा गोल होता. आम्ही तिला ती भाषा दिली असं मी मानत आलो. पण घरात जन्मलेली भाषा घरातल्या मोठ्या माणसाच्या मर्जीवर चालते. त्यानं समजून घेतलं तर बोलणं, त्यानं मान वळवली तर नुसतं हात हलवणं. देशभराची भाषा म्हणजे काय, ते मला असं उलट्या बाजूनं कळलं. तिथं एकानं पाठ फिरवली तर दुसरा समोर असतो. तिथं खूण कुणी मुद्दाम चुकवली तर चौघं म्हणतात, असं नाही, असं. त्या दिवशी आमच्या ओसरीवर ती भाषा जाणणारं आणखी एकच माणूस असतं, तर मला ते करता आलं नसतं.

परवाच्या सप्टेंबरात सांकेतिक भाषेच्या दिवसाचा कार्यक्रम हिंगोलीत आहे, असं कळलं. पुण्याच्या पोरानं फोनवर सांगितलं, आत्या बोलणार आहे. मी गेलो. मागच्या खुर्चीवर बसलो. सभागृह भरलेलं, आणि आवाज जवळजवळ नाही. फक्त खुर्च्या सरकल्याचा, आणि मध्येच कुणाच्या हसण्याचा.

धाकटी मंचावर आली. केस पांढरे झालेत. बाजूला माइकजवळ एक दुभाषी बाई उभी होती. तिचे आईवडील बहिरे, ती स्वतः ऐकणारी. धाकटीचे हात सुरू झाले आणि त्या बाईच्या तोंडून धाकटी बोलू लागली.

माझी बहीण वाक्यात बोलते, हे मला या वयात कळलं. मला तिच्याकडून आजवर तुकडे मिळाले होते. पाणी. पोट. बाजार. मंचावरची ही तर 'म्हणून' म्हणत होती, 'पण' म्हणत होती, 'कदाचित' म्हणत होती.

"आमच्या शाळेतली पोरं म्हणतात, आत्या एकदा सुरू झाली की थांबत नाही," ती म्हणाली. "त्यांना सांगते, बाबांनो, मी चाळीस वर्षांचं साठवून ठेवलंय."

पुढे ती म्हणाली, "माझ्या घरी मला एक भाषा होती. ती फक्त माझ्या भावाला यायची. भाऊ चांगला होता. पण एकट्यालाच येणारी भाषा त्याच्या हातात असते, आपल्या नाही. म्हणून मी सांगते, लेकरू लहान असतानाच त्याला आपली ही भाषा द्या. आईबापानंही शिका. आणि दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, तहसीलला दुभाषी ठेवा. तो घरचा नको. घरच्याला आपलंही काही म्हणायचं असतं."

लोकांनी दोन्ही हात वर करून हवेत हलवले. त्यांच्या टाळ्या तशा असतात. मी टाळी वाजवली. माझ्या टाळीचा आवाज सभागृहात एकटाच झाला आणि मी थांबलो.

नंतर ती खाली आली. पोरांच्या घोळक्यातून तिनं मला पाहिलं. ती थांबली, मग जवळ आली. दुभाषी बाई तिच्यासोबत होती. मी नमस्कार केला. तिनंही केला. माझे हात पुढे काय करायचं ते विसरले होते.

"काका," दुभाषी बाई म्हणाली, "काय सांगू त्यांना? तुम्ही बोला. मी आहे तसं सांगते, मधलं माझं काही नसतं."

"बराबर हाय," मी म्हणालो.

एक अनोळखी बाई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. माझं बोलणं तिच्या हातातून जाणार होतं, ती ते ऐकणार, समजणार, आणि मग धाकटीला मिळणार. इतकं खासगी बोलणं तिसऱ्या माणसासमोर कसं करायचं? आणि मग लक्षात आलं, की धाकटीनं आयुष्यभर हेच केलं होतं. तिचं पोटदुखीचं, पाळीचं, मनातलं, सगळं माझ्यासमोर. तिला तर मधलं माणूस निवडायलाही मिळालं नव्हतं.

"काका?"

"यंदा हळद बरी हाय म्हणा," मी म्हणालो.

बाईचे हात हलले. धाकटीनं मान डोलावली, हात हलवले. "वहिनीचे गुडघे कसे आहेत विचारतात," बाई म्हणाली.

"हाय तसेच."

तेही गेलं. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. ती वाट बघत होती, हे मला नक्की माहीत आहे. तिचा चेहरा वाचायला मला दुभाषी लागत नाही. बाईही थांबली होती.

"आणखी काही?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

कुणीतरी तिला फोटोसाठी ओढून नेलं. मी बसस्टँडवर आलो आणि बाळापूरच्या गाडीत बसलो.

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे. मराठी ती अक्षरं जोडून वाचते, पण एवढं लांब वाचत नाही. म्हणजे लिहूनही मी माझ्याच भाषेत राहिलो. तिला सांगायचं होतं ते इतकंच होतं, आणि ते कोणत्याही भाषेत चार-पाच वाक्यांत बसलं असतं. त्या दिवशी बाबांचं काही नव्हतं. ती माणसं तुला मागणी घालायला आली होती, आणि तुलाच विचारा असं म्हणाली होती. लग्नाची तुझी खूण मला येत होती. मी ती जाणूनबुजून केली नाही. माझं चुकलं, बाई.